दफ्तरांची राखण व इमारतींतील अग्निरोध

(१) जुन्या कागदांचे शत्रु कोणते, असें एखाद्या संग्राहकास विचारलें, तर वाळवी, कसर, दमट हवा आणि वारसांची अनास्था हीं चार नांवें तो सहज सांगेल. पांचवें नांव आगीचें. पहिल्या चौघांचा मारा हळूहळू चालतो. वाळवीनें पोखरलेल्या बाडाचीं चार पानें तरी हातीं लागतात. आग मात्र एका रात्रींत रुमालच्या रुमाल नेते, आणि काय गेलें याची यादीही बहुधा त्याच खोलींत असल्यामुळें तीही जाते.

आग विझविण्याचीं साधनें हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. बंब, पाण्याचे नळ, धोक्याची घंटा हीं सर्व आग लागल्यानंतर कामास लागतात. दुसरा एक बंदोबस्त इमारतीच्या अंगींच असतो. जाड भिंत, मधली पडदी, आपोआप मिटणारें दार, न जळणारें छत हा तो बंदोबस्त होय. यास कोणी हांक मारावी लागत नाहीं. आग ज्या खोलींत लागली त्याच खोलींत तिला कोंडून ठेवणें एवढेंच याचें काम. आजच्या स्थापत्यशास्त्रांत यास निष्क्रिय अग्निसंरक्षण म्हणतात; येथें ‘अग्निरोध’ हा आटोपशीर शब्द योजिला आहे. आग भिंत पाडून क्वचितच पुढें जाते. ती उघड्या राहिलेल्या वाटेनें जाते. म्हणून अग्निरोध बांधल्यानें मिळत असला तरी राखल्यानेंच टिकतो, हें महाराष्ट्रांतील कांहीं इमारतींच्या इतिहासावरून दाखविण्याचा येथें विचार आहे.

(२) औरंगाबादेहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराहून, जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर करमाड हें गांव लागतें. निजामी अमदानींत गोदावरी खोऱ्याची रेल्वे याच मार्गानें आली, आणि अलीकडे शेंद्रें व करमाड यांच्या शिवारांत ‘ऑरिक’ ही औद्योगिक नगरी उभी राहिली. त्यामुळें बांधणीच्या दोन अगदीं भिन्न रीति या टापूंत शेजारींशेजारीं पाहावयास मिळतात.

मराठवाड्यांतील जुनें घर माळवदाचें. दगडमातीच्या किंवा भेंड्यांच्या जाड भिंती, आंत लांकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या व किलचा, आणि त्यांवर मातीचा जाड थर अशी त्याची घडण असते. वरून पांढऱ्या मातीचा हात फिरविलेला असतो. या घडणीचा मूळ हेतु उन्हाळ्यापासून बचाव हा होय. परंतु तिचा एक आनुषंगिक लाभ असा कीं, शेजारच्या छपरावरून उडालेली ठिणगी मातीच्या थरावर पडून तेथेंच विझते. गवतानें शाकारलेल्या घरांची ओळ एका घरापासून पेटत जाते. माळवदाच्या ओळीचें तसें होत नाहीं. मात्र हा थर एकदां घालून संपत नाहीं. मृगाच्या आधीं दरवर्षीं माळवदावर नवी माती टाकावी लागते, भेगा बुजवाव्या लागतात, उगवलेलें गवत उपटावें लागतें. हें काम दोनचार वर्षें राहिलें कीं पाणी प्रथम आंत येतें, किलचा कुजतात, माती खचते आणि लांकूड उघडें पडतें. माळवद उत्तम असूनही त्यावर कडब्याची गंज रचली, तर मातीनें केलेलें काम कडबा निष्फळ करतो. जुन्या घरांत अग्निरोध होता असें म्हणतांना तो दरवर्षीं पुनः पुनः केला जात होता, हें विसरतां कामा नये.

शेजारची नवी बांधणी लोखंडी सांगाड्याची. लोखंड जळत नाहीं म्हणून तें निर्धास्त, अशी समजूत आहे. ती अर्धवट खरी आहे. पोलाद सुमारें ५५० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापलें कीं त्याची धारणशक्ति जवळजवळ निम्म्यावर येते, आणि उघडा लोखंडी खांब मोठ्या आगींत थोडक्याच मिनिटांत त्या मर्यादेस पोंचतो. याउलट सागवानाची जाड तुळई जळते खरी, पण बाहेरून मिनिटाला अर्धा ते पाऊण मिलिमीटर एवढ्याच वेगानें कोळसा होत जाते व तो कोळसाच आंतील गाभ्यास कांहीं काळ झांकून ठेवतो. म्हणून लोखंडास फुगणाऱ्या रंगाचें, जिप्समच्या फळ्यांचें अथवा सिमेंटच्या लेपाचें कवच द्यावें लागतें. जिप्समच्या वजनाचा सुमारें पंचमांश भाग पाण्याचा असतो. आगींत तें पाणी वाफ होऊन जाईपर्यंत पलीकडील बाजू फारशी तापत नाहीं. हें कवच म्हणजे लोखंडी सांगाड्याचें माळवदच होय, आणि माळवदाप्रमाणेंच त्याचा एक पोपडा निघाला कीं खालचा खांब उघडा पडतो. याच शहराजवळ वाळूज येथें ३१ डिसेंबर २०२३ च्या पहांटे हातमोज्यांच्या कारखान्यास लागलेल्या आगींत सहा कामगार मृत्युमुखीं पडले. अग्निरोधाचा प्रश्न प्रथम माणसांच्या जिवाचा व मग कागदांचा आहे, याचें स्मरण संशोधकांनींही ठेवलें पाहिजे.

(३) आगीची चाल कशी असते हें आपल्या पूर्वजांस ठाऊक होतें काय? याचें उत्तर याच जिल्ह्यांत दौलताबादच्या किल्ल्यांत कोरलेलें आहे. खंदक ओलांडल्यावर बालेकिल्ल्याकडे जाणारा मार्ग खडकांतून कोरलेल्या वळणावळणाच्या अंधाऱ्या भुयारांतून चढतो. या अंधारीच्या वरच्या तोंडावर लोखंडी झांकण सरकवून त्यावर जाळ करण्याची व्यवस्था होती, आणि जाळास वारा मिळावा म्हणून जवळच खडकांत एक भोंक ठेवलेलें आहे. शत्रु भुयारांत शिरला असतां त्याची वाट उष्णतेनें व धुरानें बंद करावी, हा हेतु उघड दिसतो.

आग, वाट, झांकण आणि वारा या चौघांचा परस्परसंबंध ही रचना करणारांनीं चांगला ओळखला होता. तीच गोष्ट उलट बाजूनें पाहिली म्हणजे अग्निरोधाचें सूत्र हातीं येतें. चढत जाणारी उघडी वाट ही धुराची वाट होते; तिचें तोंड बंद केलें तर दोन्ही बाजू निराळ्या राहतात. वाड्याचा जिना, आजच्या इमारतींतील उद्वाहकाची विहीर, विजेच्या तारा मजल्यामजल्यांतून नेणारी उभी पोकळी या सर्व अंधारीच आहेत. फरक इतकाच कीं, दौलताबादेस झांकणावर पहारेकरी होता आणि आपल्या इमारतींतून पुष्कळदां झांकणच नसतें.

(४) कागदांच्या इतिहासाकडे वळावयाचें तर दृष्टि पुण्याकडे जाते. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजीं घातला गेला व २२ जानेवारी १७३२ रोजीं वास्तुशांत झाली. पुढें पेशव्यांच्या प्रत्येक पिढीनें त्यांत दिवाणखाने, महाल व मजले वाढविले. सागवानी खांब, कोरीव तक्तपोशी, लांकडी जिने व सज्जे यांनीं वाडा भरून गेला. इ. स. १८०८ व त्यानंतरच्या कांहीं वर्षांत वाड्यास लहानमोठ्या आगी लागल्या. इंग्रजी अंमल सुरू झाल्यावर ही वास्तु तुरुंग, दवाखाना अशा कामांकडे लावण्यांत आली. अखेर २७ फेब्रुवारी १८२८ रोजीं लागलेली आग सात दिवस धुमसत राहिली. आंतील इमारती गेल्या; तट, बुरूज, दगडी जोतीं आणि दिल्ली दरवाजा राहिला.

आज वाड्यांत फिरतांना आपण जीं जोतीं पाहतों, तीं अग्निरोधाचा एक उघडा ताळेबंदच होत. जें दगडाचें होतें तें राहिलें, जें लांकडाचें होतें तें गेलें. पण एवढ्यावर थांबणें बरोबर होणार नाहीं. बाहेरचा तट कितीही भक्कम असला तरी तो बाहेरच्या शत्रूसाठीं होता. आंतील महालांस एकमेकांपासून तोडणाऱ्या, जोत्यापासून आढ्यापर्यंत अखंड गेलेल्या भिंती असत्या तर एका महालाची आग दुसऱ्या महालास कळण्यास वेळ लागला असता. दुसरें असें कीं, राहत्या वाड्याचा तुरुंग वा दवाखाना केला कीं चुली, दिवे, गवताच्या गाद्या आणि माणसांची ये-जा यांचें मान बदलतें. उपयोग बदलला कीं इमारतीचा अग्निरोध नव्यानें मोजावा लागतो. जुना पुरेल असें धरून चालतां येत नाहीं. जुन्या वाड्यांत, शाळांत व मठांत संग्रह ठेवणाऱ्या संस्थांस हें विशेष लागू आहे.

(५) शनिवारवाड्याच्या पंचवीस वर्षें आधीं मुंबईच्या कोटास आगीनें मोठा धडा दिला होता. १७ फेब्रुवारी १८०३ रोजीं कोटांतील बाजारांत आग लागली व दाट वस्तीमुळें ती झपाट्यानें पसरली. किल्ला व दारूगोळा वांचविण्यासाठीं शेवटीं तोफा लावून मधलीं घरें पाडावीं लागलीं. आग अडविण्यासाठीं मोकळी जागा हवी होती. ती आधीं ठेवलेली नसल्यामुळें ऐन वेळीं तोफेनें करावी लागली. त्यानंतर कोटाबाहेर नवी वस्ती वसविण्यास चालना मिळाली. लंडन शहरांत १६६६ सालच्या प्रचंड आगीनंतर १६६७ च्या कायद्यानें विटांचीं वा दगडांचीं घरें बांधावीं व दोन घरांमधील सामाईक भिंत ठराविक जाडीची असावी असें ठरविलें, तेंही याच अनुभवानें. मोकळी जागा आणि मधली भिंत हीं दोन्ही आगीपूर्वीं असतात तेव्हां त्यांचा खर्च डोळ्यांत भरतो. नसतात तेव्हां त्यांची किंमत कळते.

(६) पुण्यांत पुन्हा १३ मे १८७९ रोजीं एका रात्रींत दोन पेशवेकालीन वाडे पेटले. बुधवारवाडा संपूर्ण जळाला. विश्रामबागवाड्याचा कांहीं भाग गेला व बाकीचा वांचला. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाचे ते दिवस असल्यानें संशय प्रथम बंडखोरांकडे वळला. पण पुढें आग लावणारे निराळेच निघाले व त्यांस शिक्षा झाली. येथें आग लागली कशी हा प्रश्न फौजदारी झाला; ती पसरली कां हा प्रश्न स्थापत्याचा आहे, आणि इतिहासलेखकांनीं पहिल्यापुढें दुसऱ्याचा विचार क्वचितच केला आहे. आग लावणारा पकडतां येतो, ठिणगी मात्र कायमची पकडतां येत नाहीं. तेव्हां ठिणगी पडणारच असें धरून इमारत बांधणें हेंच शहाणपण.

यानंतर बारा वर्षांनीं, १८९१ सालीं, पेशवे दफ्तर त्याच्यासाठीं बांधलेल्या दगडी इमारतींत गेलें. मराठी रुमालांचीच संख्या तीस हजारांवर असलेला हा संचय एका छपराखालीं टिकला, म्हणूनच १९३० पासून रियासतकार सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं निवडक पेशवे दफ्तराचे ४५ भाग बाहेर पडूं शकले. संशोधनाचा पाया शिलालेखांवर व कागदांवर असतो असें आपण म्हणतों. त्या कागदांचा पाया दफ्तरखान्याच्या भिंतीवर असतो, हें म्हणण्याचें राहून जातें. जुन्या दफ्तरदारांची एक रीतही येथें नमूद करण्यासारखी आहे. घट्ट बांधलेला रुमाल सुट्या कागदांपेक्षां फार सावकाश जळतो; कडा करपतात, पण पानांमध्यें हवा शिरत नसल्यामुळें आंतील मजकूर पुष्कळदां वाचतां येतो. कागद सुटे करून उघड्या फळ्यांवर पसरून ठेवण्याची आधुनिक संवय या दृष्टीनें मागें जाणारी आहे.

(७) दगडी भिंतींचा काळ संपून सिमेंट काँक्रीटचा काळ आला, तेव्हां आगीचा प्रश्न सुटला असें वाटणें स्वाभाविक होतें. २१ जून २०१२ रोजीं मुंबईस मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली आणि वरच्या मजल्यांवर चढली. पांच जणांचे प्राण गेले. अनेक खात्यांच्या फायली भस्म झाल्या. काँक्रीटचा सांगाडा उभा राहिला, परंतु राज्यकारभाराचें दफ्तर त्या सांगाड्याच्या आंत होतें. शनिवारवाड्याचीं जोतीं आणि मंत्रालयाचे खांब एकच साक्ष देतात: सांगाडा न जळणें निराळें आणि आंतील वस्तु न जळणें निराळें. काँक्रीटच्या खोलींत लांकडी पडद्या, कापडी आच्छादनें, खोटें छत आणि त्यामागून धांवणाऱ्या तारा भरल्या, कीं ती खोली पुन्हा लांकडी महालासारखीच होते.

त्यावेळीं कायदा नव्हता असें नाहीं. ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ हा ६ डिसेंबर २००८ पासून अंमलांत आला होता. आगीपासून बचावाच्या योजना करण्याची व त्या सदैव चालू स्थितींत ठेवण्याची जबाबदारी या कायद्यानें इमारतीच्या मालकावर वा भोगवटादारावर टाकली आहे. परवानाधारक संस्थेकडून तपासणी करवून वर्षांतून दोनदां, जानेवारींत व जुलैंत, तसें प्रमाणपत्र द्यावें लागतें. मालक व भोगवटादार यांच्यावरील ही जबाबदारी नवी नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत नागरिकाच्या अधिकारांचें वर्णन करतांना, आग लागली असतां धांवून न जाणाऱ्या घरमालकास बारा पण व भाडेकऱ्यास सहा पण दंड सांगितला आहे. अग्नीवर उपजीविका करणारांस एका ठिकाणीं वसवावें असेंही तेथें म्हटलें आहे. धोक्याचा धंदा वस्तीपासून तोडून ठेवणें आणि कसूर करणारास दंड हीं दोन्ही अंगें त्या काळींही सुटीं मानलेलीं नव्हतीं.

(८) आतां मुख्य अडचण सांगावयाची. पाण्याचा नळ चालतो कीं नाहीं हें तोटी फिरवून कळतें. घंटा वाजवून पाहतां येते. भिंत मात्र तोटी फिरवून पाहतां येत नाहीं. ती उभी दिसते, म्हणून ती काम करील असें वाटतें. अग्निरोधाचा दोष हा असा झांकलेला असतो, आणि म्हणूनच तो बसवितांना व बसविल्यावर दुहेरी तपासणी लागते.

दारांचें उदाहरण घ्यावें. अग्निरोधी दाराचा नमुना भट्टीसमोर उभा करून भट्टीची उष्णता ठरलेल्या प्रमाणांत वाढवीत नेतात: अर्ध्या तासांत सुमारें ८४२ अंश, एका तासांत ९४५, दोन तासांत १०४९. या परीक्षेस उतरलेलें असतें तें केवळ दाराचें फळकूट नव्हे. चौकट, बिजागऱ्या, कुलूप, कडेची फुगणारी पट्टी आणि दार ओढून घेणारी कमान या सर्वांची ती परीक्षा असते. पुढें सुतारानें साध्या बिजागऱ्या लावल्या, चौकट व भिंत यांमधील फट लांकडी चिपांनीं भरली, किंवा वारा यावा म्हणून शिपायानें दाराखालीं पाचर ठोकली, तर दोन तासांचें दार दोन मिनिटांचेंही राहत नाहीं. दारावरील छाप तेवढी तशीच राहते.

भिंतीचेंही असेंच. दफ्तरखान्याची पडदी खोट्या छतापर्यंत येऊन थांबली असेल, तर वरच्या पोकळींतून धूर निर्वेधपणें पलीकडे जातो. ती वरच्या स्लॅबास भिडली पाहिजे. पंखा, दिवा, संगणकाची तार, वातानुकूलनाची नळी यांसाठीं प्रत्येक कारागीर भिंतीस एक भोंक पाडतो व आपलें काम झालें कीं निघून जातो. तें भोंक बुजविणें कोणाच्याच कामाच्या यादींत नसतें. घाईनें तें साध्या फेसानें वा कागदाच्या बोळ्यानें बुजविलें, तर तो बोळाच वात होतो. येथें अग्निरोधी लुकण, चुना-सिमेंट अथवा खनिज लोंकर हवी, आणि वायूच्या मोठ्या नळीस भिंतीजवळ आपोआप मिटणारी झडप हवी. आग लागल्यावर बंब मागविण्याची तयारी पुष्कळ ठिकाणीं असते. परंतु वाट उघडी राहिली तर ‘आग रामेश्वरीं, बंब सोमेश्वरीं’ ही म्हण खरी होण्यास अवधि लागत नाहीं.

(९) हा बंदोबस्त नीट राखला तर काय होतें, याचें अलीकडील उदाहरण आफ्रिकेंतील आहे. १८ एप्रिल २०२१ रोजीं केपटाऊन येथें डोंगरावरचा वणवा विद्यापीठाच्या आवारांत शिरला व जॅगर वाचनालयाचें जुनें दालन पेटलें. तेथील ग्रंथांची हानि भयंकर झाली. तथापि धोक्याची सूचना मिळतांच अग्निरोधी पडदे खालीं आले व आग ग्रंथालयाच्या इतर भागांत गेली नाहीं. तळघरांतील संग्रहास पाणी लागलें, तरी त्याचा मोठा भाग वांचला. ओला कागद वाळवितां येतो. राखेचा कागद करतां येत नाहीं. जो पडदा वर्षानुवर्षें निरुपयोगी म्हणून वर गुंडाळलेला दिसत होता, त्यानें आपलें सर्व काम एका दिवसांत केलें. मधल्या वर्षांत कोणीतरी तो चालवून पाहत होता, म्हणूनच.

(१०) आपल्याकडील संग्रह पाहिले तर सरकारी दफ्तरखाने सोडून बाकीचे बहुतेक भाड्याच्या खोल्यांत, देवस्थानांच्या ओवऱ्यांत वा खाजगी वाड्यांच्या माडीवर आहेत. तेथें दोन तासांचें दार व खनिज लोंकर एकदम येणें कठीण. तरी कांहीं गोष्टी बिनखर्चाच्या आहेत. कागदांची खोली स्वयंपाकघर व विजेचें मुख्य फळकूट यांपासून दूर असावी. जिन्याखालीं रद्दी, रॉकेल, जुनें लांकूड ठेवूं नये. दार रात्रीं मिटलेलेंच असावें. कारागीर येऊन गेला कीं त्याच दिवशीं भिंतींतील भोंकें मोजावीं व बुजवावीं. सूचीची एक प्रत दुसऱ्या इमारतींत असावी, म्हणजे दुर्दैवानें कांहीं गेलेंच तर काय गेलें तें तरी कळेल. यांतील प्रत्येक गोष्ट माळवदावर माती टाकण्याइतकी साधी आहे, आणि तिच्याइतकीच दरवर्षीं करावयाची आहे.

संग्रहाच्या सूचीच्या पहिल्या पानावर संग्राहकाचें नांव, रुमालांची संख्या व सूची पुरी झाल्याची तिथि लिहिण्याची आपली चाल आहे. तिच्याखालीं आणखी एक ओळ असावी: दफ्तरखान्याचीं दारें, छत व भिंती शेवटच्या केव्हां तपासल्या, आणि कोणी. ही ओळ कोरी ठेवावी लागत असेल, तर वरील रुमालांची संख्या कायमची आहे असें कोणीही समजूं नये.